गोदेने घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीच्या देवळात लाउडस्पीकर आला आणि पहिल्याच उत्सवात बंद पडला. कोणालाही वाईट वाटलं नाही. आमच्याकडे रावजी होता.

रावजी हा केदारलिंगापुढे गाऱ्हाणं घालणारा मानकरी. आमच्याकडे देवाला मनातल्या मनात सांगून भागत नाही, सगळ्यांदेखत आणि मोठ्याने सांगावं लागतं. रावजी एकेक मागणं सांगणार आणि जमलेला गाव त्यावर 'व्हय महाराजा' म्हणणार. पीकपाणी, गुरंढोरं, मुंबईच्या चाकरमान्यांच्या नोकऱ्या, असं सगळं क्रमाने यायचं. पण गाडी रुळावर आली की रावजीच्या अंगात यायचं. "जो कोन दुसऱ्याच्या बांधाचं दगड सरकवतो त्याला सुबुद्धी दे," असं तो देवाला सांगायचा आणि नजर भिकाजीवर ठेवायचा. भिकाजीचा बांध दर पावसाळ्यानंतर शेजाऱ्याच्या शेतात वीतभर पुढे गेलेला असे. पण सगळा गाव ओरडतोय म्हटल्यावर भिकाजीलाही 'व्हय महाराजा' म्हणावंच लागे. कोणाचं बकरं कोणाच्या वालाच्या शेतात घुसलं, पोफळीवरून सुपारी कोणी उतरवली, सगळ्याचा निकाल रावजी असा देवाच्या गळ्यात घालून लावायचा. आणि वर त्याचा कायदा होता, गाव एकदा व्हय महाराजा बोलला की ते मागं घेता येत नाही.

मी त्या वाडीतल्या शाळेचा मास्तर. कोणाचं कार्ड वाचून दाखव, कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाला रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन जा, असले सगळे उद्योग माझ्याकडे होते. देवावर माझी श्रद्धा बेताचीच, पण रावजीच्या गाऱ्हाण्याला मी कधी चुकलो नाही. फुकटात एवढी करमणूक दुसरी नव्हती.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर भातझोडणी चालू असताना गोदेने, म्हणजे रावजीच्या बायकोने, पहिल्यांदा गाठ पाहिली. दाढी करताना रावजी मान वर करून बसला होता आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला सुपारीएवढा फुगवटा गिळताना वरखाली होत होता. आवाजही थोडा बसला होता. रावजीचं म्हणणं, आवाज बसला तो उत्सवात ओरडून, आणि गाठ म्हणजे लोकांनी गिळलेली पापं त्याच्या गळ्यात अडकली आहेत. गोदेला हा विनोद आवडला नाही. ती माझ्याकडे आली आणि दुसऱ्या सकाळच्या एस्टीने आम्ही तिघं रत्नागिरीला गेलो.

डॉक्टरांनी गाठ दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली, पाणी गिळायला लावलं, आवाज कधीपासून बसला ते विचारलं. मग बराच वेळ लिहीत बसले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाला द्यायची चिठ्ठी होती ती. पाकीट बंद करून त्यांनी वर लाल शाईने मोठ्या अक्षरांत 'अर्जंट' असं लिहिलं आणि आठवड्याच्या आत त्यांची गाठ घ्या म्हणाले. रावजी म्हणाला, गाठ तर आधीच घेतलीये की, आता कमी करा. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचं न हसणं मला अजिबात आवडलं नाही.

घोटाळा त्या लाल शब्दाने केला. आमच्या वाडीत इंग्रजी कोणाला येत नसलं तरी अर्जंट सगळ्यांना येत होतं, कारण तारेवर तेवढंच असायचं. अर्जंट तार आली की मुंबईत कोणीतरी वारलेलं असायचं आणि बायका कागद उघडायच्या आतच रडायला लागायच्या. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं गणित पक्कं होतं. त्यामुळे रावजी अर्जंट पाकीट घेऊन आला म्हटल्यावर गावाने त्याला जवळजवळ उचललाच. तिन्हीसांजेपर्यंत त्याच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी बिब्बा घालायला सांगितला, कोणी कोरफडीचा गर बांधायला. राहीकाकू कुळीथ घेऊन आल्या आणि रावजीला शेवटचं काय खावंसं वाटतं असं गोदेलाच विचारून बसल्या. गोदेने त्यांना कुळथासकट उठवून लावलं.

सगळ्यात आस्थेने आला तो भिकाजी. त्याने रावजीचे पाय धरले आणि हळूच विषय काढला, की पुढं गाऱ्हाण्याचं कसं. गावाला माणूस तर लागणार. रावजी जिवंत असताना शिकून घेतलं तर बरं.  रावजी म्हणाला, ये उद्या, शिकवतो. आणि खरोखरच पाटीपुढे बसवून शिकवावं तसं त्याने भिकाजीकडून घोकून घेतलं. मला वाटलं माणूस मरणाच्या भीतीने मवाळ झाला. मी रावजीला अजून ओळखलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी वाडी देवळात जमली. रावजीसाठी गाऱ्हाणं घालायचं होतं, आणि पंचाईत अशी की गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं. म्हणून भिकाजी पुढे झाला. नवं धोतर, हातात नारळ, छाती काढून त्याने सुरुवात केली. गावाच्या चारी सीमांवरचे देव हाकारले, पीकपाणी झालं, चाकरमानी झाले, सगळं ठीक चाललं होतं. घोकलेलं बोलताना माणूस स्वतः ऐकत नाही, नुसतं ओततो. "आनी दर पावसाळ्यात बांध रेटनारा जो ह्यो भिकाजी, त्याला सुबुद्धी दे," असं तो त्याच दमात म्हणाला आणि गावाने देऊळ दणाणून सोडलं, व्हय महाराजा.

हसण्याचा असा काही लोट उठला की नगाऱ्यावर बसलेला सदू खाली पडला. भिकाजीला काय झालं ते कळायला वेळ लागला आणि कळल्यावर पुढचं सगळं आठवेनासं झालं. रावजी खांबाला टेकून गळ्यावर हात ठेवून हसत होता. त्याला हसताना दुखत होतं, ते दिसत होतं.

त्या गोंधळात गोदा उठली. आमच्याकडे बाई गाऱ्हाणं घालत नाही. पण अडवायचं कोणी, सगळे हसून वाकले होते. तिने भिकाजीच्या हातातला नारळ काढून घेतला आणि देवाकडे तोंड करून, वाण्याला सामान सांगावं तशी बोलली.

"देवा, मला तुजी भाषा येत नाय. ह्यांना परत घरी आन, जित्ते. आवाज नाय दिलास तरी चालंल. आवाज मी लय आयकलाय."

हसणं एकदम थांबलं.  पहिल्यांदा कोण बोललं कळलं नाही, पण मग सगळ्या गावाने एकत्र म्हटलं, व्हय महाराजा.

मुंबईच्या तज्ज्ञाने पाकीट उघडलं, गाठ पाहिली, तपासण्या केल्या आणि आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथीचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणाऱ्या जातीचा. गाठ काढली तर माणूस वाचेल. अडचण एक, आवाजाची शीर गाठीला चिकटल्यासारखी दिसते. वाचवायचा प्रयत्न करू, पण तोडावी लागली तर आवाज गेला म्हणून समजा.

मला कॅन्सर हा शब्द ऐकू आला, रावजीला आवाज हा. बाहेर येऊन त्याने पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं म्हणाला. मी त्याला वेड्यात काढलं. त्याने शांतपणे सांगितलं, की बिनआवाजाचा रावजी गावाला काय कामाचा, ओटीवर बसून पानसुपारी कातरायला? भिकाजी उद्या बांध रेटेल आणि मी नुसता बघत बसू? त्यापेक्षा जेवढे दिवस आहेत तेवढे ओरडून काढतो. मी चिडलो, ओरडलो, शिपायाने आम्हाला गप्प केलं. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

गोदा बाकावर बसून होती. तिने वाद घातला नाही.

"मी मागून झालंय," ती म्हणाली. "गाव व्हय महाराजा बोललाय. तुमीच सांगता ना, मागं घेता येत नाय म्हनून."

 सगळ्या वाडीला ज्या कायद्याने त्याने वाकवलं होतं तो त्याच्याच मानेवर येऊन बसला होता. पिशवी त्याने परत बाकाखाली ठेवली आणि बाईला गाऱ्हाणं घालू देणाऱ्या गावाचं वाटोळं होईल असं पुटपुटला.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली आणि शीर तोडावी लागली. रावजी शुद्धीवर आला तेव्हा त्याने काहीतरी म्हटलं ते फक्त हवेसारखं बाहेर आलं. गोदेने कान जवळ नेला. नंतर मी तिला विचारलं काय म्हणाले. ती म्हणाली, ह्ये म्हनले, देवानं तुजं आयकलं, शब्दाला शब्द. एवढं बोलून ती इस्पितळाच्या जिन्यात बसून रडली. मी आवाजही मागायला हवा होता, मागताना हात आखडता का घेतला, असंच म्हणत राहिली. मला तिची समजूत घालता आली नाही. देव वाण्यासारखा तोलून देतो, असलं काहीतरी मी बोललो आणि ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

गावी आल्यावर गोदा गप्प झाली. रावजी बरा होत होता, पेज खात होता, खुणा करून पोरांना शिव्याही देत होता, पण ती देवळाच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून जाताना तोंड फिरवायची. आणि शिमगा आला.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या नेमाच्या ओट्यावर, येऊन बसली. ढोल थांबले. आता गाऱ्हाणं. भिकाजी त्या प्रसंगानंतर पुढे यायला धजत नव्हता, बाकीचे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला रावजी उठून पालखीपुढे उभा राहिला आणि बोलायला लागला.

काही ऐकू येईना. ओठ हलत होते आणि कोरड्या पाल्यातून काहीतरी सरपटत जावं तेवढा आवाज होता. पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं, मागच्यांनी पोरांना. पूर्वी रावजी बोंबलायचा तेव्हा निम्मा गाव सुपारी कातरत गप्पा मारायचा. आता शेकडो माणसं माना पुढे काढून एकाच्या ओठांकडे बघत होती, कारण कोणाचं नाव घेतोय ते कळायला नको का. भिकाजी तर सगळ्यात पुढे होता. पीकपाणी झालं, चाकरमानी झाले. त्याने हळू म्हटलं म्हणून गावही हळूच म्हणत होता, व्हय महाराजा. सगळ्या गावाला कुजबुजताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटी रावजीने बायकांच्या बाजूला पाहिलं. मी जवळ होतो म्हणून मला नीट ऐकू आलं.

"आनी देवा, ह्या गोदेनं मागितलं तेवढंच तू दिलंस. तिनं बरोबर मागितलं, ह्ये तिला पटव."

मागच्यांना काही कळलं नव्हतं, पुढच्यांना काय म्हणावं सुचत नव्हतं.  मग बायकांच्या बाजूने एकच आवाज आला, खणखणीत, पार पलीकडच्या वाडीत जाईल असा.

"व्हय महाराजा," गोदा म्हणाली.