साठच्या वर थरथरणारी गाडी

देवावर माझा विश्वास आहे. माणसांवर तो पटकन बसत नाही, आणि काही बिघडलं की चूक दुसऱ्याचीच असणार, याबद्दल मला आयुष्यात कधी शंका आली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण यंदाच्या नवरात्राआधी माझ्यावर जी कृपा झाली, ती माझा हा स्वभाव पाहता व्हायला नको होती.

मी नागपुरात हुडकेश्वरला राहतो. माझी एक पिकअप आहे, तिच्यावर हिंगण्याच्या कारखान्यांचा माल ने-आण करतो. पण वर्षातला एक दिवस ती मालाची गाडी नसते. माझ्या गावच्या मंडळाची देवी चितारओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतून, गावात जाते ती याच गाडीतून. मुलगी लहान असताना मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा मी देवीला शब्द दिला होता की गाडी आहे तोवर तुला मीच आणीन. अकरा वर्षं आणलं. त्या दिवशी मी कुणालाही स्टिअरिंगला हात लावू देत नाही.

यंदा आषाढात नवा क्लच बसवला आणि त्यानंतर गाडी थरथरू लागली. पन्नासपर्यंत शहाण्या मुलीसारखी चालायची, साठला टेकली की सीटखालून हादरे सुरू. चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, मागचे दोन टायर नवे घातले, इंजिनखालची रबरं बदलली. दर वेळी गल्लीतून निघताना वाटायचं, झालं बरं. मोठ्या रस्त्याला लागलो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. क्लच बसवणारा मधू मिस्त्री माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने तीनदा गाडीखाली जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "तुह्या हातानंच बिघडली माही गाडी. जमत नसन तं तसं सांग."

मधूने हात पुसले. "मी मन लावून केलं गा," एवढंच म्हणाला. "तुले पटत नसन तं दुसरीकडे दाखव." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

मग भाद्रपदात एका मंडळाचा गणपती पोचवताना मूर्तीचं बोट तडकलं. स्थापना व्हायची होती, मूर्तिकाराने ते नीट जोडून दिलं, मला कोणी बोल लावला नाही. पण मला धास्ती बसली ती बसलीच. सगळे म्हणत, हळू चालव, चाळीसवर तर थरथरत नाही ना? खरं होतं. पण आत काय बिघडलं आहे हेच ज्या गाडीचं कळत नाही, तिच्यात देवीला कोणत्या तोंडाने बसवू? रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर हात जोडायचो, आणि लाज वाटते सांगायला, मागायचो काय, तर "आई, त्या मधूला त्याची चूक दिसू दे." घटस्थापना चार दिवसांवर आली तेव्हा मी हरलो. मंडळ सांभाळणाऱ्या काकूंना फोन करून, यंदा दुसरी गाडी पाहा, असं सांगायचं ठरवलं.

सकाळी हिंगण्याच्या रस्त्यावर फोन करायला म्हणून गाडी बाजूला घेतली. नंबर लावणार तोच खिडकीवर टकटक झाली. चाळिशीची एक बाई, हातात जेवणाचा डबा. "दादा, कंपनीची बस सुटली जी माही. गेटपर्यंत सोडता का? नाही तं आज हाफ डे लागन." मी सहसा कुणाला बसवत नाही, पण त्या दिवशी नाही म्हणण्याचंही त्राण नव्हतं. फोन खिशात टाकला.

साठला काटा गेला आणि थरथर सुरू झाली. बाईंनी सीटवर तळहात टेकवला. "किती दिवसांपासून थरथरून राहिली जी?" क्लच बदलल्यापासून, चाकं-टायर सगळं पाहून झालं, असं मी तुटक उत्तर दिलं. "स्टिअरिंग तं हालत नाही, सीटच हालून राहिली," त्या म्हणाल्या. "एकदा न्यूट्रल करून पाहा बरं." आता ही मला गाडी शिकवणार, असं मनात आलं आणि डोकं तापलं. पण रस्ता रिकामा होता, केलं. इंजिन मंदावलं, गाडी आपल्याच वेगात धावत राहिली, आणि थरथर जशीच्या तशी. "मंग इंजिन नाही, क्लचबी नाही. चाकं तुम्ही पाहिलीच म्हणता. आता शाफ्टच राहते." त्या कारखान्यात मोठ्या पंख्यांचे शाफ्ट फिरवून त्यांचा तोल तपासायच्या, सोळा वर्षं तेच काम.

गेटपाशी उतरल्यावर त्यांनी सरळ निघून जायला हवं होतं. पण त्या वाकल्या आणि मोबाईलचा उजेड गाडीखाली टाकला. शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा; तो दोन तुकड्यांचा असतो, दातांत दात अडकवून एकात एक सरकवलेला, दोन्ही टोकांच्या सांध्यांना कान असतात. "दोन्हीकडचे कान एका रेषेत पाहिजेत," त्या म्हणाल्या, "हे जरासं मुरडलेलं दिसते. बसवाची खूण राहते त्याच्यावर, ते कुठं गेली? एवढा काळा रंग कोनं मारला जी?"

मी मारला होता. दसऱ्याला लोक गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, त्यांचं भागतं. मला देवीची गाडी पोटाखालूनही चकचकीत हवी होती. मागच्या दसऱ्याला मी त्या दांड्यावर ऑइल पेंटचे दोन हात दिले, वर लाल स्वस्तिक काढलं, आणि गाडीखाली लोकांना वाकायला लावून ते दाखवलंही होतं. बाईंनी डब्यातला चमचा काढला आणि हात लांबवून रंग खरवडला. खालून एक बाण निघाला. पुढच्या तुकड्यावर खरवडलं, तिथेही बाण होता, पण पहिल्याच्या समोर नाही, एक दात बाजूला. "क्लच काढताना सुटं केलं असन. मिस्त्रीले बाण दिसलाच नसन," असं म्हणेपर्यंत भोंगा वाजला, आणि त्या चमचा रुमालाला पुसत धावत आत गेल्या.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. चूक दिसू दे म्हणून रोज मागत होतो. आईने दाखवली, फक्त नाव मी चुकीचं दिलं होतं. तिच्यासाठीच केलेल्या सजावटीने तिचीच वाट अडवली होती, आणि त्यापायी मी एका भल्या माणसाला चार लोकांत अपमानित केलं होतं.

तसाच मधूकडे गेलो. "मधू, चूक माही होती गा," म्हणालो. तो गाडीखाली गेला, दोन्ही बाणांवरून बोट फिरवून बाहेर आला. मग म्हणाला, "डोळ्यानं मलेबी समजाले पाहिजे होतं." तासाभरात दांडा बाणाला बाण लावून बसला. साठ, सत्तर, गाडी शांत. मी स्टिअरिंगवरच डोकं टेकवलं. नंतर त्या बाईंना प्रसाद द्यायला गेटवर गेलो, पाया पडू लागलो, तर त्या मागे सरकल्या. "असं नका करू जी. मले तं फक्त ड्युटीवर पोहोचाचं होतं."

घटस्थापनेला देवी माझ्याच गाडीतून निघाली. मागे मूर्तीला धरून मधू बसला. निघताना दोर मी घाईने बांधले होते, ते अर्ध्या वाटेत सैल पडले, थांबून मधूने पुन्हा बांधले, त्यात मुहूर्त टळता टळता राहिला. वेशीवर आरती घेऊन उभ्या काकू म्हणाल्या, "काहून गा, एवढा उशीर?" चितारओळीतल्या गर्दीची सबब जिभेवर तयार होती, अकरा वर्षांची सवय. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मी समजत आलो होतो. ते खूप सोपं असतं.

"दोर मी चुकीचे बांधले होते, काकू."

"माय वं! हा चूक माही म्हणून राहिला?" काकू हसल्या, मधू तर मूर्ती सांभाळून हसला, आणि मी भरल्या डोळ्यांनी देवीला उतरवायला मागे गेलो.