ठमाबाई ताठ उभी राहिली

पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढायला लागतो, तिथेच खाली ठमाबाईचं सासर. लग्न होऊन आली तेव्हाच तिचे ओठ जांभळट होते. सासूला वाटलं, पोरगी चोरून मिश्री लावते. नवरा, महिपती, हसून विचारायचा, "करवंदं खाल्लीस काय गो?"

भाताच्या लावणीला इतर बायका मधूनमधून कंबर धरून उभ्या राहायच्या. ठमाबाई वाकलेलीच. वाकलं की तिला बरं वाटायचं. ताठ झाली की छाती भरून यायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. लोक म्हणाले, दमा. तिने वर्षानुवर्षं दम्याची औषधं घेतली. गुण काही आला नाही.

पन्नाशीला टेकली आणि एका सकाळी गोठ्यात उठता उठता कोसळली. मुलगा ओंकार बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात कामाला होता. तो गाडी घेऊन आला आणि आईला महाडच्या डॉक्टर सुम्बुल यांच्याकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. मग म्हणाल्या, "मावशी, जरा आडव्या पडा." आकडा वर गेला. "आता उभ्या राहा." आकडा झरझर खाली आला. त्यांनी पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं.

"हा दमा नाही. मावशी, नाकातून रक्त येतं का कधी?"

"घोळणा व्हय? त्यो आमच्या माहेरात सगळ्यांचाच फुटतो. बापाचा फुटायचा, भावाचा फुटतो."

छातीचा स्कॅन झाला. ओंकारला जवळ बसवून डॉक्टर म्हणाल्या, "जन्मापासून यांच्या फुप्फुसात रक्तवाहिन्या चुकीच्या जोडल्या गेल्यात. रक्त हवा न घेताच पुढे पळतं. उभं राहिलं की आणखी जास्त. ही आडवाट बंद करता येते. छाती उघडावी लागत नाही."

मुंबईच्या रुग्णालयात मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर सरकवली आणि धातूची छोटी वेटोळी सोडून ती आडवाट बुजवली. ठमाबाई जागीच होती. संध्याकाळी ओंकारने मोबाईल तिच्यासमोर धरला.

"आये, ओठ बघ."

ती बराच वेळ बघत राहिली. "अरे, ही गुलाबी बाय कोण रे?" म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, हे रक्ताच्या नात्यात उतरतं. माहेरच्यांना तपासून घ्या, बाळंतपणात तर फार धोका. घरी आल्यावर ठमाबाई स्वस्थ बसली नाही. घाटातल्या वाडीवर भावाकडे गेली, तीही वाटेत कुठे न टेकता.

भाऊ, हैबती, उखडला. "मला काय धाड भरलीय?"

"तुला नसंल भरली. तुज्या पोरीचं, अंकिताचं काय? वर्ष झालं लग्नाला. उद्या दिवस गेले नि आतली शीर फुटली तर?"

"कवा निघायचं?" हैबतीने विचारलं. दोनच दिवसांनी ठमाबाईने जीप ठरवली आणि अख्खं माहेर महाडला नेऊन उतरवलं. बाकीच्यांचं किरकोळ निघालं. अंकिताच्या फुप्फुसात मात्र मोठी आडवाट सापडली.

आत्याच तिला घेऊन वीर स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसली. पोरगी घाबरलेली. "आत्या, लय दुखतं काय गो?"

"मुंगी चावल्यावानी. मी हाय ना."

अंकिताची आडवाट बुजली. पुढच्या साली तिला नऊ महिने भरून मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

बारशाला वाडीवर पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या आणि अंगणात फुगड्या सुरू झाल्या. ठमाबाई आत शिरली. एक पोरगी दमली, दुसरी दमली, तिसरी धापा टाकत जोत्यावर जाऊन बसली. ठमाबाईने पदर खोचला, हात पुढे केले आणि सगळ्यांकडे बघून ओरडली,

"आता कोण येतंय गो?"