खो-खोचे खांब

"बाई, तुमी शिट्टी घिऊन उभं ऱ्हावा. गाड्या सरळ लागल्या पायजेत. आन् उन्हाचं काय, तुमच्या लोकांना सवयच हाय."

संस्थेचे अध्यक्ष हे सगळ्या शिक्षकांसमोर बोलले. त्यांच्या नातीचा साखरपुडा शाळेच्या हॉलमध्ये होता आणि पाहुण्यांच्या गाड्या मैदानावर. कुणी हसलं नाही. कुणी मानही वर केली नाही. तुमचे लोक म्हणजे कोण, ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही डाळजचे बौद्ध. वडील गवंडी. घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिली.

मी इंदापूर तालुक्यातल्या या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आदल्याच आठवड्यात मी खो-खोचं मैदान आखलं होतं. फक्कीच्या रेघा, दोन टोकांना दोन खांब. शिपायानं ते खांब उपटून भिंतीला टेकवले. रेघांवर गाड्या लागल्या. रेघा इतक्या सरळ होत्या की त्या गाड्यांसाठीच मारल्यात, असं अध्यक्षांना वाटलं. त्यांनी माझं कौतुकही केलं.

मी शिट्टी वाजवली. दुपारभर वाजवली. वर्गाच्या खिडक्यांतून पोरी बघत होत्या.

त्याआधी वरून, सरकारकडून, आदेश आला होता, प्रत्येक मुलानं रोज एक तास खेळायचं. त्याचं प्रशिक्षण बारामतीत झालं. मी सगळं मन लावून ऐकत होते. बाकीच्या शाळांचे खेळाचे शिक्षक मागं बसून पेंगत होते. मोरगावकडचे एक सर, निवृत्तीला टेकलेले, मला म्हणाले, "पोरी, लई मनावर घिऊ नगंस. आपन म्हंजी शाळेचं सालगडी." मला त्यांचा राग आला होता. एवढा चांगला कार्यक्रम आणि यांना जांभया. साखरपुड्याच्या दिवशी उन्हात उभी राहिले तेव्हा कळलं. ते आळशी नव्हते. आयुष्यभर त्यांनी मांडव घातले, खुर्च्या लावल्या, पाहुण्यांपुढं पोरांच्या रांगा धरल्या. शिवाय शिक्षकांच्या खोलीत ऐकून घेतलं, खेळाच्या मास्तरची अक्कल गुडघ्यात. माणूस किती दिवस जागा राहणार?

सोमवारी आठवीच्या मुलींचा खेळाचा तास. मुख्याध्यापक मोबाइल घेऊन आले. मुलींना रांगेत उभं केलं, एकीच्या हातात चेंडू दिला, फोटो काढून वर पाठवला. मग गणिताचे सर मुलींना वर्गात घेऊन गेले. झाला कार्यक्रम.

चेंडू पायलच्या हातात होता. तिची आई लोणी देवकरला कारखान्यात जाते. घरी गेल्यावर पायलला भाकरी थापायच्या, धाकट्याला सांभाळायचं. धावायला मिळेल असा तिचा तेवढाच एक तास. चेंडू परत देताना तिनं विचारलं, "बाई, तुमी गाड्यांच्याच बाई हाय का?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. अध्यक्षांचं बोलणं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला.

वडलांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांना फोन केला. रविवारी ते सिमेंट घेऊन आले. खांब कधीच उपटता येणार नाहीत असे बसवा, म्हटलं. तात्या खड्ड्याशी थांबले. "नोकरी जाईल की गं."

"जाऊ द्या. बसवा."

त्यांनी पुन्हा पहार उचलली. खड्डा आणखी खोल घेतला.

पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी सत्कार होता. आठवीच्या पोरी दोन खांबांमधल्या पाटीवर खो-खोला बसलेल्या. गणिताचे सर न्यायला आले, त्यांना मी परत पाठवलं. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आत आली आणि खांबापुढं थांबली. मागं आणखी गाड्या. हॉर्नवर हॉर्न. अध्यक्षांनी काच खाली केली.

"बाई, खांब काढा."

"निघायचे न्हाईत. सिमेंटात हायेत."

"कुणाला इचारून बसवलं?"

"रोज खेळायचा आदेश हाय. फोटो शाळेनंच पाठवलाय. गाडी मागं घ्या."

शिट्टी गळ्यातच होती. मी ती पोरींसाठी वाजवली. पायल उठली आणि अध्यक्षांच्या गाडीसमोरून पळत सुटली. गाडी मागं गेली.

उद्या मला संस्थेत बोलावलंय. माझी नोकरी अजून कायम नाही. ती त्यांना काढून घेता येईल. खांब फोडायला माणसंही आणतील. आणू देत. मी माफी लिहून देणार नाही. खांब फोडले तर पुन्हा खड्डा घेईन, या शाळेत नाही तर दुसऱ्या शाळेत. माझ्या शिट्टीवर यापुढं पोरी धावतील. गाडी एकही वळणार नाही.