मागून उंच होणारी फियाट

माझे भावोजी श्रीरंग चुरी यांनी पापडीच्या घरी, अंगणात, स्वतःच्या हातांनी गाडीला मागून वरखाली होणारं सस्पेन्शन बसवलं. ही हकीकत ते अजून भेटेल त्याला सांगतात. सांगू लागले की मालनताई उठून आत जाते. मी तिचा धाकटा भाऊ परेश, आगाशीला राहतो. भावोजी जे गाळतात, ते मी सांगतो.

सत्त्याण्णव साली त्यांनी जुनी फियाट घेतली. आधीचा मालक तिच्यातून कामणच्या गोदामात लोखंडी सामान वाहायचा. त्यामुळे मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार बसले होते आणि गाडी बुड टेकल्यासारखी चालायची.

त्यात आमचे रस्ते. पापडीहून भुईगाव, निर्मळ करत आगाशीला यायचं, तर प्रत्येक आळीचा स्वतःचा गतिरोधक. सरकारी नव्हे, घरगुती. कुणाची कोंबडी गाडीखाली गेली की रविवारी आळी जमायची, कुणाच्या तरी बांधकामातलं उरलेलं सिमेंट कालवायची आणि शेजारच्या आळीपेक्षा वीतभर उंच उंचवटा घालायची. त्यात इभ्रतीचा प्रश्न असायचा. गाडीचं पोट त्यावर घासलं की भावोजींच्याच पोटात कळ यायची. म्हणून उंचवटा दिसला की ते गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "मालन, उतर गं जरा."

ताई उतरायची, चालत पलीकडे जायची, पुन्हा बसायची. सगळी आळी बघत असायची.

पंचवीस वर्षं एसटीनं माहेरी येणारी माझी बहीण स्वतःच्या गाडीनं पहिल्यांदा आली, ती गाडीच्या मागून चालत. कारण शेवटचा उंचवटा आमच्या दारातच आहे. आमच्या काकूनं विचारलंच, "का गं, गाडीत जागा नव्हती काय?" ताई हसली, पण निघताना मला म्हणाली, "उन्नतीच्या साखरपुड्याला मी गाडीतून दारात उतरेन. नाहीतर त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही." उन्नती माझी थोरली लेक. ताई बोलते तसं करते, हे भावोजींनाही ठाऊक होतं.

पाटे ठोकून घेतले असते तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं. मी सांगितलं, त्यांच्या शेजारच्या ॲन्सेल्मनं सांगितलं, चर्चला येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही सांगितलं. पण सोप्या उपायात भावोजींचा जीव रमत नाही. ॲन्सेल्मचा भाऊ फर्डिनंड जहाजावर होता. त्याच्याकडून त्यांनी परदेशी शॉकॲब्सॉर्बरची जोडी मागवली. त्यांना रबरी फुगे होते. हवा भरली की गाडीचा मागचा भाग वर, सोडली की खाली.

मग अंगणात गाडी विटांवर चढली आणि भावोजींची अंघोळ दुपारवर गेली. खाऱ्या हवेनं नट गंजलेले. ते सुटेनात म्हणून नवे पाने आले, पाने पुरेनात म्हणून त्यांना जोर द्यायला लोखंडी नळी आली, हातोडे आले, दुसरा जॅक आला. हवेची नळी कुठे गळते ते पाहायला साबणाचं पाणी लागायचं, ते ताई आणायची. आणि मापं घेताना मागच्या सीटवर वजन लागायचं, तेही ताईच. चाकं न हलणाऱ्या गाडीत ती दुपारभर वाल सोलत बसायची आणि भावोजी तिच्याच शिवणाच्या टेपनं बंपरची उंची मोजायचे. गाडीत बसायची हौस तिनं अशी भागवून घेतली.

कायम हवा भरून ठेवली तर रबर मरतं, असं भावोजींचं मत. तेव्हा उंचवटा आला की पायपंपानं भरायची, ओलांडला की सोडायची. साखरपुड्याच्या दिवशी पापडीहून निर्मळपर्यंत त्यांनी तसंच केलं म्हणे, नव्या सफारी सुटात घामाघूम होऊन. ताई मागे बसून राहिली. पण आमच्या दारातला उंचवटा सर्वांत उंच. तिथे पंप मारून मारून भावोजींचा पाय थरथरायला लागला तरी गाडी पुरेशी उठेना. मांडवातून आम्ही सगळे बघत होतो, काकू सगळ्यांत पुढे. भावोजी ताईच्या खिडकीशी गेले आणि हळूच म्हणाले, "शॉकॲब्सॉर्बरच्या खोक्यावर लिहिलंय, वजन उतरवून हवा भरावी."

आता ताई चालत येणार, आणि हा तिचा शेवटचा मोटारप्रवास, असं मी धरून चाललो.

ताई उतरली, पण मांडवाकडे न येता मागे गेली आणि तिनं डिकी उघडली. जॅक, दुसरा जॅक, पान्यांची पेटी, हातोडे, काढून ठेवलेले जुने शॉकॲब्सॉर्बर, ऑइलचा डबा. जरीच्या लुगड्याचा पदर खोचून तिनं एकेक वस्तू रस्त्याच्या कडेला मांडली. हे सगळं आपल्याबरोबर फिरतंय आणि त्यालाही वजन असतं, हे भावोजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. वजन म्हटलं की त्यांना बायकोच आठवायची. ताई अंगानं पेन्सिलीएवढी आहे.

"अगं, सामान रस्त्यावर?" भावोजी कळवळले.

"ते येईल मागून चालत," ताई म्हणाली आणि सीटवर जाऊन बसली.

गाडी उंचवट्यावरून अलगद आली. ताई दारात उतरली आणि काकूच्या पाया पडली. मला इतका आनंद झाला की व्याह्यांशी बोलायचं सोडून मी तिच्याकडेच बघत राहिलो. नंतर साखरपुड्याला आलेल्या ॲन्सेल्मनं वाकून पाहिलं, तर फुग्यांत हवाच नव्हती. केव्हाची गळून गेली होती. भावोजींना हे कुणी सांगितलं नाही. ते सामानाच्या खेपा घालता घालता पाहुण्यांना सांगत होते, "बघितलंत? परदेशी माल!"

संध्याकाळी निघताना त्यांनी पेटी उचलून डिकीपर्यंत नेली. ताई सीटवर बसूनच होती. सामान आत गेलं तर दारातल्या उंचवट्यावर तिला उतरवावं लागणार होतं. भावोजींनी डिकी उघडलीच नाही, पेटी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "परेश, तुझ्या पडवीत जागा आहे का रे?"

सामान आमच्या पडवीत आहे. भावोजींना त्याच्यावाचून करमत नाही, त्यामुळे दर रविवारी ते आगाशीला येतात. ताई बरोबर असते, थेट दारापर्यंत बसून. ते पान्यांना तेल लावत बसतात आणि माझी बहीण दिवसभर माहेरी असते.