पलीकडच्या काठावरचा धूर

आमच्या नाटक कंपनीचे पेटीवाले भाऊ एका उन्हाळ्यात एकाएकी गूढ झाले.

हा माणूस मुळात गूढ नाही. कोणाच्या घरी कालची भाजी उरली इथपासून कोणती नायिका यंदा कोणत्या कंपनीत पळणार इथपर्यंत सगळे तो पेटीच्या भात्याबरोबर बाहेर सोडतो. झाडीपट्टीत आमची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपास थांबतात. त्या हंगामात मी स्टेजवर कपटी सासू असते, सावत्र आई असते. एका नाटकात तर विषकन्या होते, आणि पन्नाशीच्या विषकन्येने टाळ्या घेतल्या हे मी नम्रपणे नमूद करून ठेवते. हंगाम संपला की ज्याचे त्याचे गाव. भाऊंचे घर नागभीडला, माझे सासर जवळच्याच एका खेड्यात. त्यामुळे उन्हाळ्यात ते अधूनमधून चहाला येतात आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या बातम्या आमच्या अंगणात सांडून जातात.

त्या दिवशी आले, कडुनिंबाखालच्या बाजेवर बसले, सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि मोबाईलमध्ये पाहून हसले.

"काय हाये जी?" मी विचारले.

"काई नाई बाई."

"काई नाई त हसून काऊन राह्यले?"

"सांगता येत नाई. कबूल करून घेतलं हाये माह्याकडून."

"लफडं असन," आमचे यजमान विहिरीपाशी बादली धुता धुता म्हणाले.

"लफडं काहाचं भाऊ, गेम हाये गेम!" पेटीवाले उसळले, आणि मग त्यांनी जीभ चावली. पण चावलेल्या जिभेतून मी संवाद काढून घेऊ शकते. चहाचा दुसरा कप होईतो सगळे बाहेर आले. हैदराबादेत काही मंडळी एक ऑनलाइन गेम तयार करत होती. जंगल, नदी, खेडी, असा. तो सगळ्यांसाठी खुला करण्याआधी थोड्या लोकांना खेळायला देत होते. कुठे फाटले आहे, कुठे उसवले आहे ते त्यांनी सांगायचे. भाऊंनी अर्ज केला होता आणि ते पहिल्याच फेरीत आत गेले होते.

"म्हंजे तालीम," मी म्हटले.

"तालीमच."

"रंगीत?"

"त्याच्याही आंधीची. अजून कपडे शिवून राह्यले त्याईचे."

झाले! माझी झोप उडाली. नाटकवाल्यांना दुसऱ्याचे नाटक फुकट पाहायला मिळते, त्याचे काही अप्रूप नाही. पण दुसऱ्याची तालीम पाहायला कोणी आत घेत नाही. संवाद पाठ नाहीत, दाढी अर्धी चिकटलेली आहे, राजा पायजम्यात आहे, अशा वेळी फटीतून डोळा लावावा ही आमच्या धंद्यातली सगळ्यात गोड चोरी. भाऊ फाटकाबाहेर पडायच्या आत मी अर्ज उघडला होता.

अर्जात विचारले होते, याआधी कोणते गेम खेळला आहात. मी लिहिले: लंगडी, लगोरी, सापशिडी, आणि नणंदेशी रमी. आमच्या चाचणीत का यायचे आहे? मी लिहिले: तुमचे कच्चे असताना पाहायचे आहे, पिकल्यावर सगळेच पाहतील. मला वाटले, हे वाचून ते गाडी पाठवतील. उत्तर आले की ही फेरी भरली आहे, आपल्या उत्साहाबद्दल आभार. भाऊ मात्र रोज आत जात होते आणि बाहेर येऊन माझ्यापुढे पुन्हा गूढ होत होते.

दुसरी फेरी निघाली तेव्हा मला निरोप आला. मी आत, भाऊ तर होतेच! आनंदाने मी यजमानांना दंडवत घातला. नंतर कळले की त्या फेरीत त्यांना थोड्या मोठ्या वयाची माणसे हवी होती, आमची बोटे कुठे अडखळतात ते पाहायला. असेना का. विषकन्येची भूमिकासुद्धा मला मूळ नटीला कांजिण्या झाल्या म्हणूनच मिळाली होती.

आत गेल्यावर मी एक लांब मिशांचा लाकूडतोड्या झाले, आणि जे पाहिले त्याने माझे मन भरून आले. हरणे जमिनीपासून वीतभर वर तरंगत होती. नमस्कार केला की सरपंचाचे डोके पाठीकडे फिरायचे. मी मन लावून तक्रारी कळवू लागले. "तिसऱ्या झोपडीतली म्हातारी एंट्री चुकते. दार उघडायच्या आधीच दारातून बाहेर येते." तिकडून उत्तर यायचे की धन्यवाद, पाहतो. आणि दोन दिवसांनी म्हातारी खरोखर दार उघडून यायची. इतक्या वर्षांत आमच्या दिग्दर्शकाने माझे इतके कधी ऐकले नाही.

पण माझी खरी पंचाईत केली त्या नदीने.

नदी रुंद होती. पलीकडच्या काठाला दाट साग, सागाखाली काठाला लावलेला एक डोंगा, म्हणजे लहानशी नाव, आणि सागामागून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. कोणीतरी तिथे रांधत होते. कोण? एकटे की कुटुंब? माझे बाकीचे खेळणे सुटले. मी रोज दुपारी जाऊन काठावर उभी राहायचे आणि तो धूर पाहायचे. आणि तिकडे जायची सोय काही नव्हती. शहरातली पोरे पोहून पाहत होती. मधोमध गेले की बुडायचे आणि पुन्हा गावातल्या पारावर उगवायचे. पेटीवाले भाऊ पूल शोधायला काठाकाठाने दिवसभर चालले. शेवटी जंगलच संपले म्हणे, पडदा संपावा तसे. पुढे नुसते करडे.

त्यातच निरोप आला. ही फेरी रविवारी दुपारी चारला बंद. सगळ्यांचे सगळे पुसले जाईल, आणि पुढच्या फेरीत कोणाला घेऊ ते पुढे कळवू. म्हणजे रविवारच्या आत तो धूर कोणाचा ते कळले तर कळले.

रविवार उजाडला. वैशाखातली दुपार, तीन वाजून गेलेले. घरात मोबाईलला रेंज नाही म्हणून मी बाजेवर, कडुनिंबाखाली. भाऊ त्यांच्या घरून, पण गेममध्ये माझ्या शेजारी काठावर उभे.

"भाऊ," मी म्हटले, "डोंगा त तिकडच्या काठाले हाये. कोणी हाक मारून पाह्यली काय?"

"बाई, ते चित्र हाये."

"चित्र असो का काही असो. डोंगा हाये त कोणी तरी आननारा असन."

इथे माझे माहेर सांगितले पाहिजे. ते सिरोंच्याकडे, गोदावरीच्या काठी. आमच्या लहानपणी डोंगा पलीकडे असला तर माणूस काठावर मुकाट बसत नसे. तोंडाला हात लावून हाळी द्यायची, शेवटचा सूर पाण्यावरून जाईल इतका ओढायचा, मग थांबायचे. तो तिकडे पोचेपर्यंत थांबायचे, तिकडचा परत येईपर्यंत थांबायचे, आणि पुन्हा द्यायची. पलीकडे तेलुगू बोलणारी माणसे, म्हणून हाळी तेलुगूत. आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने, मग तो नावाडी असो की म्हशी धुणारा, उत्तर द्यायचेच. ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्या माणसाला आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत बसवत नाहीत.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असे माईकचे बटण दाबले, पदर खोचला आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"ओऽऽ अय्याऽऽ! पडव तीसुकु राऽऽ!"

अहो दादा, नाव घेऊन या, एवढाच त्याचा अर्थ. पण शेळीने दावे तोडले. शेजारची काकू हातात झारा घेऊन धावत आली. यजमान न्हाणीतून टॉवेलवर बाहेर आले.

"काऊन बोंबलून राह्यली? कोन मेलं?"

"डोंगा बोलावून राह्यली."

"कुठी?"

"मोबाईलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग वर सूर्याकडे पाहिले. "ऊन लागलं," असे काकूला सांगून ते कांदा आणायला आत गेले.

तिकडे गेममध्ये माझा आवाज सगळ्यांच्या कानांत गेला होता. भोपाळची, पुण्याची, कुठकुठची पोरे काठावर गोळा झाली. "आंटी, हेडफोन फट गया मेरा!" "आंटी, वो सीनरी है, सिर्फ सीनरी!" मी म्हटले, "बेटा, जरा चुप रहो, आवाज को जाने दो." दुसरी हाळी दिली. थांबले. पाणी हलत होते, धूर सरळ वर जात होता. तिसरी दिली.

आणि पलीकडून आवाज आला.

"वस्तुन्नानम्माऽऽ!"

येतोय, माय! पेटीवाले भाऊ नुसते म्हणाले, "बापा!"

डोंगा मात्र जागचा हलला नाही. बऱ्याच वेळाने तोच आवाज, या वेळी ओशाळलेला, हिंदीत बोलू लागला. हा गेम बनवणाऱ्यांपैकीच एक होता. पलीकडच्या रिकाम्या काठावर झाडे सरळ करत बसला होता, कानाला हेडफोन. आपल्या भाषेतली हाळी कानावर पडली आणि विचार करायच्या आधी तोंडातून उत्तर गेले. आता सगळे ऑफिस त्याच्या खुर्चीमागे उभे राहून हसत होते.

"हसू द्या," मी म्हटले. "येतो म्हणालात, आता या."

"बोट चालत नाही मॅडम. ती नुसती दिसायला आहे."

"मग तुम्ही पलीकडे कसे गेलात?"

"मी... उडून."

"मग मलाही उडवा. चारला तुम्ही सगळे पुसणार. मला तो धूर कोणाचा आहे ते पाहायचे आहे."

मागे काहीतरी कुजबुज झाली. बटणांचा खडखडाट झाला. "फक्त तुम्हाला," तो म्हणाला, "आणि थोडाच वेळ." माझ्या लाकूडतोड्याचे पाय जमिनीवरून सुटले. मी मिशांसकट नदीवर तरंगू लागले आणि मागून भाऊंचा टाहो ऐकू आला, "बाईऽऽ, मले सोडून काऊन चालली वं!"

मी उतरले. पहिल्यांदा डोंग्यापाशी गेले. डोंगा अर्धाच होता, नदीकडून दिसणारी तेवढीच बाजू. सागाच्या मागे गेले तर सागाला मागची बाजूच नाही. आमच्या नाटकात राजवाड्यामागे निदान बांबू आणि सुतळी असते, आणि बहुतेक वेळा चहा पिणारा सेनापती असतो. इथे नुसते करडे. मी खदखदून हसले. तो पोरगा वारंवार म्हणत होता, सॉरी मॅडम, अजून काम चालू आहे. अरे, सॉरी काय! मला स्वर्ग उसवून आतून दाखवला होता त्याने.

मग धुरापाशी गेले. धूर सपाट जमिनीतून निघत होता. चूल नाही, तीन दगड नाहीत, राख नाही. मी लाकूडतोड्याला वाकवून त्याचा हात धुरात घातला.

"हा कोणाचा?"

"कोणाचाच नाही. काठ रिकामा वाटत होता, म्हणून टाकला."

"पुढे कोण राहणार इथे?"

"ठरलं नाही अजून. तुम्ही नाराज झालात का?"

नाराज? मी त्या धुराभोवती फेऱ्या घालत होते. खाली काही नाही हे डोळ्यांनी पाहिले होते, तरी वाटत होते की आत्ता कोणीतरी लाकडे घेऊन येईल आणि विचारेल, कोण पाहिजे? मी वळून आमच्या काठाकडे पाहिले. तिकडे पोरे ओळीने उभी होती, कोणी उड्या मारत होते, भाऊ हात हलवत होते. इथून तीही तशीच दिसत होती, काठ रिकामा वाटू नये म्हणून कोणी ठेवल्यासारखी.

तेवढ्यात पडद्यावर अंधार आला आणि पांढऱ्या अक्षरांत आभार उमटले. फेरी संपली.

तेव्हा कळले की यजमान कांदा घेऊन कधीचे माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये पाहत उभे होते. काकू केव्हाच घरी गेली होती.

"कोन होतं मंग तिथी?" त्यांनी विचारले.

"कोनी नाई."

"धूर त होता."

"होता."

"चूल?"

"नाई. राखही नाई."

त्यांनी कांदा बाजेवर ठेवला, काळ्या झालेल्या पडद्याकडे पाहिले आणि गंभीरपणे मान हलवली.

"मंग रांधून, खाऊन, सारवून गेले असन लोकं," ते म्हणाले. "तुले जायाले उशीर झाला."