लिओटा ब्रँडहॉर्स्टनं लावलेली प्रत

मस्कटीन गावातला बटणांचा कारखाना चालू होता तोवर लिओटा ब्रँडहॉर्स्टच्या हाताखालून दिवसाला हजारो बटणं जायची. मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांतून कापलेली, टिकलीएवढी. तिचं काम एकच, प्रत लावायची. चकाकी कशी, कडेला टवका आहे का, पाठीवर पिवळट झाक आहे का, हे ती बटण उलटं होईपर्यंत पाहून मोकळी व्हायची. अठ्ठावीस वर्षांत तिनं लावलेली प्रत मुकादमानं दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकाकडून माल परत आला. पुढं प्लास्टिकनं शिंपल्याला खाल्लं, कारखान्याला कुलूप लागलं, आणि चोपन्नाव्या वर्षी लिओटा घरी बसली.

तिचा नवरा ऑर्व्हिल न्हावी. त्याला नाद जुन्या तांब्याच्या सेंटचा. त्यांच्या देशाची टांकसाळ नवी होती तेव्हाची ही नाणी आजच्या सेंटच्या दीडपट मोठी, हातानं कोरलेल्या ठशांनी पाडलेली. ठसा दर थोड्या दिवसांनी तडकायचा, मग नवा कोरायचा. म्हणून एकाच सालच्या दोन सेंटांवरची स्वातंत्र्यदेवी लिबर्टीसुद्धा सख्ख्या बहिणींसारखी, सारखी आणि तरी वेगळी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डॅव्हनपोर्टला या नादिष्टांची बैठक भरे. ऑर्व्हिलचे गुडघे गेलेले, त्यामुळं गाडी लिओटा चालवी. बैठक चाले तोवर ती बाकीच्या बायकांबरोबर कॉफी आणि रुबार्बच्या गोड पाय-पेस्ट्रीवर नजर ठेवून विणत बसे.

एका शनिवारी हातोहात फिरणारं एक नाणं चुकून बायकांच्या टेबलावर आलं. लिओटानं सुया खाली ठेवल्या, नाणं खिडकीकडं तिरकं धरलं.

"याला कुणीतरी घासलंय, आणि मागाहून रंग चढवलाय," ती म्हणाली.

पुरुषांच्या टेबलावर हशा झाला. बैठकीचे अध्यक्ष क्लेमेंट हारगिस औषधांच्या दुकानाचे मालक, बो टाय लावणारे, चाळीस वर्षं तांब्याची नाणी जमवत आलेले. ते गोड आवाजात म्हणाले, "मिसेस ब्रँडहॉर्स्ट, ही बटणं नव्हेत. शर्टाला लावायची नाहीत आपल्याला."

परतीच्या वाटेवर ऑर्व्हिल म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. क्लेमेंट मला पण तसंच बोलतो."

"तुला बोलू दे. तुला काही कळत नाही," लिओटा म्हणाली. "पण ते नाणं घासलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्या आल्या तिनं ऑर्व्हिलचा सगळा संग्रह स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या खिडकीशी मांडला. तिथला उजेड दिवसभर एकसारखा, डोळ्याला फसवत नाही. चार वर्षं ती रोज तिथं बसली. तांबं चांदीसारखं नसतं. हवा, घाम, ओल, सगळं ते अंगावर लिहून ठेवतं. ते वाचायला ती शिकली. झीज किती तो आकडा आधी धरायचा, एक ते सत्तरपर्यंत. मग गंज, ओरखडा, घासणं, जो दोष असेल त्याचे गुण कापायचे. उरेल ती खरी प्रत. ऑर्व्हिलच्या लाडक्या नाण्यांपैकी निम्मी तिनं खाली उतरवली.

"अगं, या नाण्याला मी तीस धरून होतो!" तो कळवळला.

"पंधरा. कानामागं गंज आहे."

"तू माझी बायको आहेस की त्याची सावत्र आई?"

१९७१च्या वसंतात बैठकीनं मोठा मेळावा भरवला. पाच राज्यांतून माणसं आली. फिलाडेल्फियाचे नावाजलेले जाणकार, एल्सवर्थ पिकरिंग, परीक्षक म्हणून आले. मेळाव्यात प्रत लावायची शर्यत होती. वीस नाणी, प्रत्येकाला एकेक मिनिट, आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा. विसावं नाणं हारगिसांचं स्वतःचं, १७९४ सालचा सेंट, नुकताच मोठ्या हौसेनं घेतलेला. लिबर्टीच्या मोकळ्या केसांची बट न् बट मोजून घ्यावी असा. ऑर्व्हिलनं लिओटाचं नाव परस्पर घातलं होतं. साठ माणसांत बाई ती एकटीच.

चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम हारगिसांकडं होतं. विसाव्या नाण्याला बहुतेकांनी चाळीस दिले होते. लिओटाची चिठ्ठी उघडून ते थांबले.

"बारा," त्यांनी वाचलं. "खाली लिहिलंय, केस मागाहून कोरलेले."

सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना सलूनमधले केस वाटले!" ऑर्व्हिलचे कान लाल झाले. त्याला वाटलं, उठावं आणि त्या माणसाची एका बाजूचीच दाढी करावी.

पिकरिंगांनी हात वर केला. "मिसेस ब्रँडहॉर्स्ट, कशावरून म्हणता?"

लिओटा उभी राहिली.

"गाल झिजलाय, खांदा झिजलाय. केस त्यांच्याहून उंच आहेत, म्हणजे ते आधी झिजायला हवेत. तेच कोरे करकरीत कसे? दुसरं, ठशातून आलेली बट नाण्याच्या सपाट जमिनीतून वर उठते. इथं बटा वर उठलेल्या नाहीत, मधली जमीन खोल खणलीय. आमच्या कारखान्यात नक्षीची बटणं असायची. यंत्रावर काढून झिलई दिलेल्या नक्षीचा तळ गुळगुळीत, मागाहून हत्यारानं दुरुस्त केलेल्या नक्षीच्या तळाला बारीक ओरखडे. हे ओरखडे मी अठ्ठावीस वर्षं पाहिलेत, साहेब."

पिकरिंगांनी नाणं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. मिनिटं गेली. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

"ओरखडे आहेत. एका दिशेनं, एकाच हत्याराचे. मी स्वतः काल याला चाळीस दिले होते." ते लिओटाकडं वळले. "मी चुकलो, बाई. प्रत बाराच."

सगळ्यांच्या नजरा हारगिसांकडं गेल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण माणूस खानदानी निघाला. ते चालत तिच्या खुर्चीपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दिवशी बटणांवरून बोललो, ते मागं घेतो. मला शिकवाल का तळ कसा पाहायचा?"

"शनिवारच्या बैठकीला लवकर या," लिओटा म्हणाली. "आणि खिडकीतला उजेड लागतो, दिवे नकोत."

शर्यत तिनंच जिंकली. गाडीत बसल्या बसल्या ऑर्व्हिल म्हणाला, "साठ माणसं होती, लिओटा. साठ! आणि फिलाडेल्फिया!"

"रस्त्याकडं बघू दे मला," ती म्हणाली. पण हसू तिला आवरत नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून त्याच्या दुकानात जो डोकं खाली घालून बसला, त्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. महिनाभरानं मेन आणि जॉर्जियासारख्या दूरच्या राज्यांतून टपालानं नाणी येऊ लागली, "मिसेस ब्रँडहॉर्स्ट यांचं मत हवं" म्हणून. खुशामत करणाऱ्या पत्रांनाही तिचं उत्तर दोन ओळींचं असे, एक आकडा आणि एक कारण. तिचा आकडा खाली गेला म्हणून लोक चिडायचे, आणि सहा महिन्यांनी पुढचं नाणं पाठवायचे.

हारगिस ऐंशी सालच्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या मृत्युपत्रात संग्रहाबद्दल एकच वाक्य होतं. वकिलानं ते तिला फोनवर वाचून दाखवलं: "प्रत लिओटा ब्रँडहॉर्स्ट लावील, तिच्या आकड्यावर कुणी दुसरा आकडा लिहू नये."

लिओटानं फोन ठेवला, अ‍ॅप्रनच्या टोकानं डोळे टिपले, आणि हारगिसांची नाणी आणायला गाडीच्या किल्ल्या घेतल्या.