झेडच्या आधी

आमच्या सरांइतकं छान गप्प बसणारा माणूस मी पाहिला नाही. वर्गात प्रश्न विचारून ते खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, कोणीतरी अवघडून उत्तर देईपर्यंत. मुलं त्यांना मौनीबाबा म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

दादरच्या आमच्या कॉलेजात दहशतवाद आणि सुरक्षा या विषयात बी.ए.च्या मुलांकडून खरं संशोधन करून घेणारे ते एकटेच. बाकीचे म्हणायचे, "आधी एम.ए. व्हा." सरांनी मात्र मला, शेवटच्या बाकावरच्या मुलीला, स्वतःहून बोलावलं. "तू बोलत नाहीस, म्हणून तुला घेतोय. मुलाखतीला बडबडे कामाचे नसतात." माझ्या अबोलपणाचा कोणाला उपयोग होईल, असं मला तोवर वाटलं नव्हतं. पुढे कॅन्टीनमध्ये चहा पिताना सरांशी मी न अडखळता मराठीत बोलू लागले.

त्यांची युक्ती साधी होती. समोरचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही, मनात बाराखडी म्हणायची. माझा चेहरा बघून ते हसले. "इंग्लिश मिडियम ना? मग ए-बी-सी-डी म्हण. झेडच्या आधी माणूस बोलतोच."

संशयावरून चौकशीला नेलेल्या आणि काही न सापडल्याने सोडून दिलेल्या मुलांच्या घरांचं पुढे काय होतं, हा आमचा विषय. घोडपदेवच्या आमच्या चाळीत असं एक घर होतं, शेजारच्या कमलकाकूंचं. ते फक्त माझ्या आईला आणि तिच्यामुळे मला माहीत होतं. बाकी चाळीला काकूंनी तेव्हा सांगितलं होतं, आमचा महेश ट्रेनिंगला नाशिकला गेलाय.

काकू बोलायला तयार होईनात, तेव्हा सर स्वतः त्यांच्या घरी आले. चटईवर बसले, घावणे मागून खाल्ले. म्हणाले, "काकू, तुमचं नाव, चाळ, काही बाहेर जाणार नाही. माझा शब्द." काकूंनी मान हलवली. मी रेकॉर्डर लावला आणि गप्प बसले. क्यूपर्यंत पोचले असेन, तेव्हा काकू सांगू लागल्या. परत आल्यापासून दाराची कडी वाजली की महेश मोरीत जाऊन बसतो.

गिरगावातल्या एका परिसंवादात सरांनी निबंध वाचला. नाव बदललं होतं, चाळ गाळली होती. मग म्हणाले, "आता त्या आईच्याच तोंडून ऐका." आणि सभागृहात काकूंचा आवाज घुमला. गणपतीत मंडळाच्या माइकवरून दरवर्षी "आरतीला चला हो" म्हणणारा आवाज. कोणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फिरत फिरत आमच्या चाळीच्या ग्रुपवर आला. महेशचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं.

काकू मला एवढंच म्हणाल्या, "घावणे आवडलेले ना गं तुझ्या सरांना?" यंदा माइकवर दुसरंच कोणी होतं.

गणपती झाल्यावर सरांचा फोन आला. "अगं, कॉलेजात दिसत नाहीस. नाव कुठे सांगितलं मी? शब्द पाळलाय."

मी काही बोलले नाही.

"हॅलो? आहेस ना?"

मी मनात ए-बी-सी-डी सुरू केली.

"निबंध सगळ्यांना आवडला. तुझंही नाव आहे त्यात."

एच, आय, जे.

"नुसतं वाचून दाखवलं असतं, तर कोण हललं असतं?"

पी, क्यू.

"आवाज ओळखतील, हे आलं होतं माझ्या मनात," सर म्हणाले.

झेडला अजून अवकाश होता. मी फोन ठेवला.